घुमटाखालची बैठक

आमच्या कॉलनीच्या समाजभवनावर घुमट आहे. वाक्य साधं आहे, पण ते खरं व्हायला तीन सर्वसाधारण सभा, एक युरोपची सहल आणि आमच्या अध्यक्षांचा हट्ट एवढं सगळं लागलं.

आधी तिथे टिनाचं शेड होतं. वाढदिवस, तेरवी, लसीकरण, मतदान, सगळं त्या शेडमध्ये व्हायचं आणि कोणाची तक्रार नव्हती. पक्कं भवन बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच आकृती होती: चौकोनी हॉल, वर सपाट स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी. नागपुरात दुसरी आकृती सहसा कोणाला सुचत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सपाट गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया वाळतात, वीज गेली तर माणसं झोपतात, टाकी बसते, टीव्हीची छत्री बसते. घुमटावर यातलं काहीच बसत नाही. फक्त कबुतर बसतं, तेही घसरतं.

पण आराखडा मंजूर व्हायच्या आत अध्यक्ष सहलीच्या कंपनीबरोबर युरोप पाहून आले. परत आल्यावर त्यांनी शेडमध्ये पडदा लावून आम्हाला फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत पुढे अध्यक्ष आणि मागे कुठल्या ना कुठल्या कॅथेड्रलचा घुमट. फोटो काढणाऱ्या वहिनींनी नेम असा धरला होता की घुमट अध्यक्षांच्या डोक्यातूनच उगवल्यासारखा दिसे. फोटो संपल्यावर ते म्हणाले की तिकडे शहराला चेहरा असतो आणि तो चेहरा म्हणजे घुमट. माणूस कुठल्याही गल्लीत हरवला तरी मान वर करतो, घुमट दिसतो आणि रस्ता सापडतो. आपल्याकडे मान वर केली तर काय दिसतं? उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि पाण्याच्या टाक्या. म्हणून आपल्या भवनावर घुमट पाहिजे. आणि संत्र्याच्या शहरात तो केशरी पाहिजे, म्हणजे अर्धं संत्रं ठेवल्यासारखा दिसेल.

सभेत टाळ्या झाल्या. फोटोंनंतर आलूबोंडे होते, त्यामुळे त्या टाळ्या घुमटासाठी होत्या की फोटो संपले म्हणून, हे नक्की सांगता येणार नाही.

माझी नोकरी दुकानांतले काटे, वजनं आणि मापं तपासण्यात गेली. दुकानदार तोंडाने काय सांगतो ते मी ऐकून घेतो, पण लिहितो काट्यावर जे दिसतं ते. त्या सवयीने मी वाचनालयात जाऊन घुमटांविषयी जे मिळालं ते वाचून काढलं. त्यातून मला दोन-चार गोष्टी कळल्या. घुमट नुसता खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतो, म्हणून त्याखालच्या भिंती जाड लागतात, नाहीतर त्याच्या कमरेला साखळी बांधावी लागते. रोममधल्या मोठ्या घुमटाला तडे गेल्यावर लोखंडाच्या साखळ्या बांधल्या आहेत. फ्लॉरेन्समध्ये कॅथेड्रलच्या भिंती उभ्या राहिल्या, पण एवढ्या रुंद भोकावर घुमट बांधायचा कसा हेच कोणाला माहीत नव्हतं, आणि वरचं भोक पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहिलं. हे वाचून मला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटली. लंडनच्या घुमटाला तर तीन थर आहेत. बाहेरून दिसतो तो वेगळा, आतून दिसतो तो वेगळा आणि वजन पेलतो तो मधला, जो कोणालाच दिसत नाही. आमच्या कॉलनीचा कारभारही असाच चालतो, पण ते मी सभेत बोललो नाही.

बोललो ते एवढंच की कॅथेड्रल म्हणजे बिशपची गादी असलेलं चर्च. रोमचं जे सगळ्यांत प्रसिद्ध घुमटाचं चर्च अध्यक्षांनी आठ फोटोंत दाखवलं, ते काटेकोरपणे पाहिलं तर कॅथेड्रलच नाही; तिथल्या बिशपची गादी दुसऱ्या चर्चमध्ये आहे. आणि आपल्या नागपुरातच, सदर भागात, जी खरी कॅथेड्रल आहेत, त्यांना घुमटाची गरज वाटलेली नाही. सभेने हे शांतपणे ऐकलं आणि पुढच्या विषयाकडे वळली.

समोरच्या घरातले काका माझ्यापेक्षा मुद्द्याचं बोलले. ते म्हणाले, "घुमट पाहायचा तर दीक्षाभूमीचा पाहा. त्याखाली माणूस जाऊन बसला का आपोआप गप्प होतो. आपल्या भवनात कोण गप्प बसणार आहे, ते आधी सांगा."

कोणीच हात वर केला नाही. ठराव मात्र मंजूर झाला.

मी शेवटचा प्रयत्न पंख्यावर केला. हॉलचा व्यास छत्तीस फूट. घुमट बरोबर अर्धा गोल, म्हणजे त्याची उंची अठरा. खाली दहा फुटांची भिंत. मध्यभागी छत अठ्ठावीस फुटांवर गेलं. माणसाला वारा लागायचा तर पंखा दहा फुटांवर हवा. म्हणजे त्याची दांडी अठरा फुटांची. मी विचारलं की अठरा फुटांची दांडी कुठे मिळते. अध्यक्ष म्हणाले की कॅथेड्रलमध्ये पंखे नसतात. मी म्हणालो की तिथे आपला मे महिनाही नसतो. लोक हसले, आणि लोक हसले की मुद्दा संपतो, हा आमच्या सभांचा नियम आहे.

घुमट झाला. तो वाईट दिसत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात सकाळच्या उन्हात तो खरोखर संत्र्यासारखा दिसायचा. जेवणाचे डबे आणि सामान पोचवणारी पोरं 'संत्र्याच्या मागं', 'संत्र्याच्या उजवीकडं' असे पत्ते सांगू लागली, तेव्हा शहराला चेहरा लागतो हे अध्यक्षांचं म्हणणं मला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. मग उन्हाळा आला. बाहेरचा केशरी रंग उडून उकडलेल्या बटाट्यासारखा झाला आणि आत एवढं तापू लागलं की बायकांनी भवनाला 'कुकर' नाव ठेवलं. पंखा लावून पाहिला. दोन नळ्या जोडून केलेल्या दांडीवर तो देवळातल्या घंटेसारखा झुलायचा आणि त्याच्या बरोबर खाली कोणी बसायला तयार नसायचं. शेवटी दारांत कूलर ठेवले.

त्याहून मोठी गंमत आवाजाची होती. हॉलच्या मध्यभागी उभं राहून कोणी बोललं की शब्द वर जायचे, घुमटात एकमेकांवर आदळायचे आणि काला होऊन खाली यायचे. माइक लावला तर काला जास्त. पहिल्या स्वातंत्र्यदिनाला अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं आणि त्यातलं 'जय हिंद' तेवढं सगळ्यांना कळलं, कारण ते शेवटी येणार हे आधीच माहीत होतं. तेव्हापासून अध्यक्षांची भाषणं लोकांना आवडू लागली.

आता टाइल्सचं. घुमट गोल म्हणून भिंतही गोल. आणि आमच्याकडे खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाऊन थुंकणारे बरेच. नवी पांढरी भिंत दिसली की त्यांना राहवत नाही. उद्घाटनाच्या आठवड्यातच कोपरे रंगायला लागले असते, पण गोल हॉलला कोपरेच नसल्यामुळे सगळी भिंत सारखीच रंगली. मग समितीने पुसायला सोप्या, गुळगुळीत, चकचकीत टाइल्स जमिनीपासून डोक्याच्याही वरपर्यंत साऱ्या भिंतीला लावल्या. गोल भिंतीवर त्या नीट बसाव्यात म्हणून अरुंद पट्ट्या आणल्या होत्या, आणि काम उत्तम झालं. सगळ्या भवनात मला मनापासून पटलेली गोष्ट ती एकच.

त्याच सुमाराला एकदा जेवताना मी घरी वाचनातली एक गोष्ट सांगितली. लंडनच्या त्या कॅथेड्रलमध्ये घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. म्हणतात की तिथे भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर पार पलीकडच्या बाजूला भिंतीशी कान लावून बसलेल्या माणसाला ऐकू येतं. मी म्हणालो की गाइड लोक प्रवाशांना असंच काहीतरी सांगत असतात. बायको म्हणाली की तिच्या माहेरी यासाठी घुमट लागत नव्हता. मुलीने वरण वाढून घेतलं.

मुलगी हिंगण्याला एका कारखान्यात आहे. यंत्रं चालताना त्यांची थरथर आणि आवाज मोजायचा आणि कुठलं बेअरिंग कधी मोडणार ते आधी सांगायचं, हे तिचं काम. पाळ्या असतात. दुसरी पाळी असली की कंपनीची बस तिला रात्री चौकात सोडते आणि मी स्कूटर घेऊन तिथे उभा असतो. नोकरी तिने परीक्षा देऊन, दोनदा नापास होऊन मिळवलेली. ती सोडायचा विषय आमच्या घरात कधी निघाला नव्हता.

तो निघाला तो लग्नाच्या निमित्ताने. कळमेश्वरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बोलण्यात सरळ. दोघं बाहेर भेटली, एकमेकांना पसंत पडली. पण कळमेश्वर एका दिशेला आणि हिंगणा दुसऱ्या. कंपनीची बस तिकडे जात नाही. मुलाच्या घरची मंडळी फोनवर म्हणायची, नोकरीला आमची ना नाही, पुढचं पुढं पाहू. 'पुढचं पुढं पाहू' हे माप मी ओळखतो. त्यात किती मावतं ते देणाऱ्यालाच माहीत असतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मले तो पसंत आहे. पण नोकरी सोडायला लावणार असतील तर मले आधी कळलं पाहिजे. नंतर नाही."

मी म्हणालो की बैठकीत स्पष्ट विचारून घेऊ. ती म्हणाली की बैठकीत स्पष्ट कोणीच बोलत नाही, आणि हे तिचं बरोबर होतं. लग्न ठरवायच्या बैठकीची रीत आमच्याकडे पक्की आहे. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात. मध्ये एक मोठा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं गोड बोलतो. जे खरं बोलायचं असतं ते आपापल्या बाजूला, आपापसांत, ओठ न हलवता बोललं जातं.

मग तिने सुचवलं की बैठक समाजभवनात घेऊ. मी म्हणालो, त्या कुकरमध्ये? ती म्हणाली की थंडीचे दिवस आहेत, कूलरची गरज नाही, गोंगाट नाही. मी म्हणालो की मध्ये बोललेला शब्द कळत नाही. ती म्हणाली, "मधलं कोणाला ऐकायचं आहे?" मला वाटलं, थट्टा करते आहे.

खुर्च्या तिनेच लावल्या. मधली जागा सगळी मोकळी आणि खुर्च्या पाठ भिंतीला टेकतील अशा, गोल. पाहुणे पश्चिमेला, आम्ही पूर्वेला. मध्ये छत्तीस फुटांचं मैदान. बायको म्हणाली की ही बैठक आहे का कबड्डी. मुलगी म्हणाली की गोल हॉलला असंच शोभतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याचा मामा. मामा म्हणजे त्या घरचा बोलका माणूस; त्याच्या शब्दाशिवाय तिकडे म्हैस विकत नाहीत, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मुलाची आई आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. आमच्या बाजूला मी, बायको, बायकोचा भाऊ आणि मुलगी. सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, आणि कढी फिरली. मधल्या मोठ्या माणसाची जागा अध्यक्षांनी न विचारता घेतली, कारण भवन त्यांचं. माइकही त्यांनीच आणला होता. त्यांनी विवाहसंस्थेपासून सुरुवात केली आणि काही मिनिटांत ते फ्लॉरेन्सला पोचले असावेत असा माझा अंदाज आहे. वरून नुसता काला पडत होता.

बायको माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "मुलाची मान वाकडी आहे काय वं?" हे तिने वास्तविक मुलीला विचारलं, पण मी मध्ये होतो. मी पाहिलं. मुलगा खरोखर मान एका बाजूला करून, कान भिंतीला टेकवून बसला होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो ताडकन सरळ झाला.

मी याला योगायोग म्हणून सोडून दिलं.

थोड्या वेळाने बायकोचा भाऊ पुटपुटला, "मामा पाचव्या वडीवर आहेत. मोजून राहिलो मी." छत्तीस फुटांपलीकडे मामांचा हात ताटलीच्या वर थांबला. मग त्यांनी तो हात असा मागे घेतला जसा त्यांना माशीच हाकलायची होती.

काटा एकदा हलला तर वारा असू शकतो. दोनदा हलला तर मी वजनं बदलून पाहतो. मी पाठ टेकून, डोकं टाइलला लावून बसलो आणि माझ्या कानामागून, इतक्या जवळून की मी वळून पाहिलं, एक पुरुषी आवाज आला. मागे टाइलशिवाय काही नव्हतं. समोर, पार पलीकडे, मामा तोंडासमोर रुमाल धरून मुलाच्या वडिलांकडे झुकले होते.

"द्या होकार, भाऊजी. नोकरीचं काहून लावून धरता? आता हाव म्हणायचं. लगन होऊ द्या, पाळणा हलला का नोकरी आपोआप सुटते. मग बसते घरी."

मी मुलीकडे पाहिलं. तिचंही डोकं टाइलला टेकलेलं होतं. चेहरा तसाच, यंत्राजवळ उभी राहून आकडा यायची वाट पाहताना असावा तसा. बायकोने माझं मनगट धरलं. तिनेही ऐकलं होतं. बायकोच्या भावाने ऐकलं होतं आणि तो उठणार होता, पण मुलीने न बघता हात आडवा केला.

मध्ये अध्यक्ष बोलतच होते. त्यांच्या हातवाऱ्यांवरून ते आता लंडनच्या घुमटाचे तीन थर समजावत होते.

मुलगी भिंतीकडे तोंड वळवून, आपण घरात बोलतो त्याहूनही हळू आवाजात बोलली. "मी नोकरी सोडणार नाही. आता नाही अन् पाळणा हलल्यावर पण नाही. दुसरी पाळी लागली तर दुसरी पाळी करीन. ज्याले चालत नसेल त्यानं आताच सांगावं. सगळं ऐकू येऊन राहिलं."

पलीकडची तिन्ही मोठी माणसं एकाच वेळी मागे वळली आणि त्यांनी भिंत पाहिली. मामांनी तर टाइलवर बोटाने टकटक केलं. ते टकटकही आम्हाला ऐकू आलं.

मुलगा तेवढा वळला नव्हता. त्याला काही नवीन वाटलं नाही, हे मला तेव्हा जाणवलं. त्याने कान पुन्हा टाइलला लावला, मग तोंड वळवलं. "मले चालते. मी वाडीत खोली पाहून ठेवली आहे. कळमेश्वरही जवळ, हिंगणाही जवळ."

"कधी पाहिली गा तू?" मामा कुजबुजले. ते विसरले होते.

"झाले काही दिवस."

"अन् आईबापाले सांगितलं नाही?"

"तुम्हाले सांगितलं असतं तर खोली पाहूच दिली असती का?"

खरं सांगतो, मला वाटलं की इथे संपलं. मुलगा बोलला, पण मुलगा बोलून आमच्याकडे लग्नं ठरत नाहीत. मुलाच्या वडिलांनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला. उठायच्या आधी माणसं असं करतात. मामा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मुलीला नोकरी हवी होती आणि तो मुलगाही हवा होता, आणि त्या मिनिटाला दोन्हींपैकी एक जाणार असं दिसत होतं.

तेव्हा एक बाईचा आवाज भिंतीतून आला. मुलाची आई. पदर नीट, नजर समोर, ओठ जेमतेम हलत होते. ती आपल्या भावाशी बोलत होती आणि आम्हाला ऐकू जातं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"अन् घरी बसवून काय करतो गा तू तिचं? तू बसशील काय तिच्यासंगं? तू तर वडी खाऊन आपल्या घरी जाशील. दिवसभर घरात एक टीव्ही अन् दोन बायका, मले नाही जमत. माझ्या सासूसंगं मी बसली आहे घरी, मले ठाऊक आहे. जाऊ दे तिले ड्युटीवर. दोघंही सुखी राहू, तीही अन् मीही."

मामांनी रुमाल खाली ठेवला. मुलाच्या वडिलांनी पंचा पुन्हा उलगडला. बायको माझ्या कानात म्हणाली, "ही बाई मले आवडली," आणि पलीकडे मुलाच्या आईने, नजर न हलवता, मान किंचित खाली केली.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. मुलाचे वडील उठून मध्ये गेले, अध्यक्षांच्या हातून माइक घेतला आणि त्यांनी एक छोटं भाषण केलं. त्यात 'नोकरी', 'आमचीच इच्छा' आणि 'सुनेले मुलीसारखं' असे शब्द असावेत. एक शब्द धड कळला नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी सहावी वडी घेतली आणि बायकोच्या भावाने ती स्वतः उठून वाढली.

घरी आल्यावर मी मुलीला विचारलं की तिला हे कधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलं होतं, लंडनचं." सकाळी भवनात योगासनांचा वर्ग असतो. शवासनात तिचं डोकं भिंतीशी असायचं आणि पलीकडच्या बायका तिच्या लग्नाबद्दल काय बोलतात ते तिला रोज ऐकू येत असे. मग तिने एका सुट्टीच्या दिवशी मोबाइल घेऊन भिंतीशी ठिकठिकाणी मोजून पाहिलं. टाइल्स होत्या तिथवर आवाज स्पष्ट; वरच्या खरबरीत चुन्यावर काहीच नाही. आमच्या भिंतीची करामत घुमटापेक्षा खर्रा खाणाऱ्यांची जास्त होती. आणि मुलाला तिने आधी एवढंच सांगितलं होतं की कान भिंतीला लावून बस.

मी म्हणालो की हे मला आधी सांगायचं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आईला सांगितलं असतं, अन् आई गप्प बसली असती. मग पलीकडचेही गप्प बसले असते."

लग्न झालं. दोघं वाडीला राहतात. मुलाची आई कळमेश्वरला, टीव्हीसमोर, दिवसभर एकटी आणि समाधानी. दर आठवड्याला ती फोन करून सुनेची पाळी कोणती ते विचारते. मुलगी घरी असेल त्या दिवशी तिकडे जायचं की नाही ते ठरवायला.

भवनाची कीर्ती मात्र आपोआप पसरली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण ज्यांच्या मुली लग्नाच्या आहेत ते बैठकीसाठी समाजभवन मागू लागले. खुर्च्या भिंतीशी लावा, असं ते न चुकता सांगतात. अध्यक्षांना वाटतं की लोक घुमट पाहायला येतात. सुंदर वास्तू माणसांना एकत्र आणते, हे ते युरोपातच शिकून आले होते, असं ते म्हणतात.

यंदाच्या वार्षिक सभेत समितीने ठराव आणला की हॉलमध्ये आवाज घुमतो, तर भिंतीच्या टाइल्स काढून तिथे जाड कापडाच्या गाद्या ठोकाव्यात. मी घुमटाच्या विरोधात होतो आणि आजही आहे. अठरा फुटांची दांडी मला अजून कुठे मिळालेली नाही. पण मी उठलो, मध्यभागी गेलो आणि टाइल्सना हात लावू नका असं कारणांसहित सांगितलं. मध्ये उभा राहून बोललो, त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही. अध्यक्षांनी 'छान' म्हटलं.

मुलगी असती तर तिने मला आधीच अडवलं असतं, पण तिची दुसरी पाळी होती. मी भिंतीशी परत येऊन बसलो. बायकोने टाइलकडे तोंड वळवलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "समोरच्या काकांच्या नातीची बैठक आहे पुढच्या आठवड्यात. तिचीही नोकरी आहे म्हणे."

अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी एकीनेही हात वर केला नाही, आणि पुरुषांनी आपापल्या बायकांकडे पाहून वर उचललेले हात डोकं खाजवून खाली घेतले.